अकरा सेकंदांचं मौन

मनिलाला खेटून असलेल्या केसोन सिटीतल्या कामुनिंग भागात, जीपनी नावाच्या लांबट प्रवासी गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर डेल्फिना सार्मिएन्तोची खोली होती. दोन पडदे, एक खडखडणारा पंखा, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या रजया. या खोलीत बसून तिने सव्वीस वर्षं दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापलं आणि जोडलं. आधी लग्नं, मग निवडणुकांचे प्रचार, आणि गेली पंधरा वर्षं फक्त माहितीपट. मनिलातल्या दिग्दर्शकांत बोललं जायचं की फिल्म अडली, की अते डेलकडे, म्हणजे डेलताईकडे, न्यावी. ती बोलते कमी, पण कुठे कापायचं ते तिला कळतं.

तिची एक पद्धत होती. नवं चित्रण आलं की पहिल्यांदा बघताना ती कीबोर्डला हात लावत नसे. हात मांडीवर ठेवून सगळं सलग बघायचं, आणि जिथे आपलाच श्वास अडकेल तेवढीच जागा वहीत टिपायची. माणसं तिला अशी भेटत. सहा-सहा महिने ती त्यांच्यासोबत राहायची. कोण खोटं बोलण्याआधी कान खाजवतो, कोणाची पापणी कधी लवते, हे त्यांच्या घरच्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक व्हायचं. आणि त्या माणसांना मात्र डेल्फिना नावाची कोणी बाई आहे याचा पत्ताही नसायचा.

गिनो व्हियासेन्योर तिच्याकडे आला तो एकशे बारा तासांचं चित्रण घेऊन. चौतिशीतला दिग्दर्शक, हुशार, घरचा चांगला. दारात चपला काढतानाच म्हणाला, "अते डेल, हे तुझ्याच मुलखातलं आहे. भाषा तुला येते. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

डेल्फिना मूळची इलोइलोची. चित्रण होतं तिथून चार तासांवरच्या बुगनायान बेटावरचं. दोन वर्षांपूर्वी बेटावरून निघालेली प्रवासी लांच किनाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर वादळात उलटली होती. एकोणीस माणसं गेली. त्यातली अठरा खालच्या केबिनमधली, बहुतेक बायका आणि मुलं; पाऊस लागतो म्हणून आत जाऊन बसलेली. केबिनच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि लाटांचं पाणी आत जाऊ नये म्हणून ती कडी घातली होती सेल्सो दागोहोय नावाच्या खलाशाने. एकोणिसावा गेला तो कप्तान. चौकशी झाली, लांचचा मालक आजारी पडून इस्पितळात झोपला, आणि प्रकरण तसंच लोंबकळत राहिलं. चौकशीच्या कागदात लिहिलं होतं की सेल्सोने कडी काढली होती, पण दार फुगून अडकलं. तो कागद इंग्रजीत होता आणि शहरातल्या कपाटात होता. बेटावरच्या कोणी तो वाचला नव्हता. लोक सेल्सोशी बोलत होते, त्याची बायको पासिंग बाजारात मासे विकायची ते घेतही होते. त्या दिवसाविषयी मात्र कोणी त्याला काही विचारत नव्हतं.

ते गिनोने विचारलं. सेल्सोच्या झोपडीत दीड तासाची मुलाखत होती, आणि साधारण सत्तराव्या मिनिटाला कॅमेऱ्यामागून, बेटावर वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं 'नोंग' म्हणत, गिनोचा आवाज आला, "नोंग सेल्सो, आतली माणसं दार बडवत होती. ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

सेल्सोने उत्तर दिलं. सहा मिनिटं वीस सेकंद तो बोलत होता. हो, ऐकू येत होतं. कडी काढली. नाही, आधी कप्तानाने हाक मारली, मग काढली. दार ओढलं, उघडेना. उन्हाळ्यात मालकाने बिजागरी बदलली होती, दार बाहेर उघडायचं केलं होतं, बाहेरून पाणी रेटत होतं. पुन्हा ओढलं. कुऱ्हाड आणायला गेलो तर कुऱ्हाड जागेवर नव्हती. कडी घालायला कप्तानानेच सांगितलं होतं. खिडकीतून एक पोर ओढून काढलं, दुसऱ्याचा हात सुटला. मध्येच बाहेरून ट्रायसिकल-रिक्षा फटफटत गेली, मध्येच कोंबडा आरवला, मध्येच तो बिजागरी कशी होती ते हाताने दाखवत बसला. वाक्यं अर्धी सोडत होता, मागे जाऊन दुरुस्त करत होता.

ते सहा मिनिटं वीस सेकंद डेल्फिनाने तीन आठवडे कापून पाहिले. चार मिनिटांचे केले, दोनचे केले, चाळीस सेकंदांचे केले. जितकं लहान करावं तितकं ते सबबीसारखं वाटायला लागे. गिनो मागे सोफ्यावर बसून डोकं हलवायचा.

"हे कोर्ट नाही, अते. बिजागरी घेऊन मी काय करू? त्याच्या आत काय चाललंय ते मला हवंय."

"आत काय चाललंय तेच सांगतोय तो. बिजागरी चाललीये."

"परदेशातल्या सल्लागारांना कच्ची फिल्म दाखवली, तेही तेच म्हणाले. म्हणे माणूस कळत नाही. नुसती माहिती कळते."

मार्चमधली दुपार होती. खाली दुकानातली मशीनं खाण्याच्या सुट्टीला थांबली होती. डेल्फिना कापलेल्या तुकड्यांच्या खाली पसरायला झोपडीतला रिकामा आवाज शोधत होती. मुलाखत संपली की ध्वनिमुद्रण करणारा सगळ्यांना अर्धं मिनिट गप्प बसवतो आणि त्या जागेची नुसती शांतता टिपून ठेवतो. पुढे सांधे झाकायला ती लागते. तिने ती फाइल उघडली तर आवाजासोबत चित्रही आलं. कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. ध्वनिवाल्या रूएलचा आवाज आला, "नोंग, तीस सेकंद हलू नका, बोलू नका." आणि सेल्सो आज्ञेप्रमाणे बसला.

त्याने एकदा कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं. मग खाली पाहिलं. अंगठ्याने दुसऱ्या हाताचं पेर घासलं. नाकपुड्या फुगल्या. घशाची घाटी वर जाऊन खाली आली. बाराव्या सेकंदाला त्याने मान वळवून स्वयंपाकाच्या बाजूला पाहिलं.

डेल्फिनाचा श्वास अडकला होता. तिने गिनोचा प्रश्न उचलला, "ते तुम्हाला ऐकू येत होतं?", आणि त्याच्यापुढे ही अकरा सेकंदं ठेवली. मान वळायच्या आधी कापलं. त्यानंतर रिकामा समुद्र जोडला.  

गिनोला दाखवलं तेव्हा त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग डोळे पुसत म्हणाला, "हे कुठे होतं इतके दिवस?"

"हे उत्तर नाही, गिनो. मुलाखत संपल्यावरचं आहे. रूएल आवाज घेत होता."

"तोंडाने दिलेलं उत्तर वेगळं असतं, मनातलं वेगळं. हे मनातलं आहे. चेहरा त्याचाच आहे ना? आपण त्याच्या तोंडात एक शब्दसुद्धा घातला नाही."

तिने एवढं बोलून आपलं काम झालं असं मानलं. वाद घालायला हवा होता, पण तिचंही त्या तुकड्यावर मन बसलं होतं. इतका स्वच्छ कट तिच्या हातून बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

फिल्म गाजली. परदेशात दोन बक्षिसं मिळाली. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांनी त्या मौनाबद्दल लिहिलं. मनिलातल्या एका फिल्म शाळेने डेल्फिनाला बोलावलं. तिथे तिने मुलांना सांगितलं की माणूस गप्प बसला, तर संकलन करणाऱ्याने मध्ये तोंड घालू नये. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. घरी येताना ती खुशीत होती आणि वाटेत तिने स्वतःसाठी केक घेतला.

मग गिनोने ठरवलं की फिल्म बुगनायानला दाखवायची. डेल्फिना कधी चित्रणाच्या जागी जात नसे, पण इलोइलोत आई आजारी होती, तिला भेटून ती पुढे बेटावर गेली.

बास्केटबॉलच्या मैदानात पडदा बांधला होता. चर्चमधल्या खुर्च्या आणल्या होत्या. संधिप्रकाशात सेल्सो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला, आणि गिनोने हात धरून त्याला पहिल्या रांगेत बसवलं. डेल्फिनाला आधी वाटलं, हा एवढा बुटका कसा? पडद्यावर तो तिला उंच वाटला होता. त्याचा डावा गुडघा दुखतो हे तिला माहीत होतं. तो जवळून गेला तेव्हा आता कसा आहे गुडघा, असं विचारायला तिने तोंडही उघडलं. त्याने तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि सभ्यपणे मान लववली.

फिल्म सुरू झाली. स्वतःची गल्ली, स्वतःच्या होड्या पडद्यावर बघून लोक हसत होते, एकमेकांना हाका मारत होते. मग गिनोचा प्रश्न आला आणि सेल्सोचा चेहरा आला. अकरा सेकंद मैदानात कोणी खोकलंसुद्धा नाही. पडद्यावर समुद्र आला तेव्हा तिसऱ्या रांगेतून बेबांग उठली. त्या केबिनमध्ये तिच्या दोन मुली होत्या. ती सेल्सोच्या समोर जाऊन उभी राहिली. प्रोजेक्टरचा झोत तिच्या पाठीवर पडला आणि समुद्र तिच्या झग्यावर हलायला लागला.

"तीन वर्षं मी तुझ्या बायकोकडून मासे घेतले," ती म्हणाली.

एवढंच. मग ती मैदानाबाहेर गेली. तिच्यामागून तिची बहीण गेली, मग आणखी काही जण, मग रांगाच्या रांगा.

गिनो डेल्फिनाच्या कानाशी येऊन पुटपुटला, "बघितलंस? काय ताकद आहे."

सेल्सो मात्र शेवटपर्यंत बसून राहिला. त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं, उठायला कोणी सांगितलं नव्हतं. डेल्फिना त्याच्याशी काही न बोलता सकाळच्या पहिल्या लांचने निघून आली.

सहा महिन्यांनी तिला माएस्त्रा फेलिसाचा निरोप आला. ही बेटावरच्या शाळेतली शिक्षिका. संकलनाच्या वेळी बेटावरचे खास शब्द अडले की डेल्फिना तिला फोन करून विचारायची. फेलिसाने लिहिलं होतं की सेल्सोला आता कोणी होडीवर घेत नाही. पासिंगची टोपली संध्याकाळी भरलेलीच घरी परत येते. रविवारी चर्चमध्ये ते ज्या बाकावर बसतात त्यावर दुसरं कोणी बसत नाही. "तो आता बोलतही नाही फारसा," शेवटी लिहिलं होतं. "लोक म्हणतात, फिल्ममध्ये होता तसाच बसतो."

डेल्फिना गिनोच्या ऑफिसात गेली. तो पुढच्या फिल्मच्या कामात होता, तरी तिच्यासाठी कॉफी मागवली, खुर्ची पुढे ओढली.

"ती अकरा सेकंदं काढू या," ती म्हणाली. "त्याचं उत्तर घालू. मी फुकट करून देते. दोन दिवसांचं काम."

"अते, फिल्म विकली गेलीये. नऊ देशांत दाखवतायत. आता मी त्यांना काय सांगू, की आमचं चुकलं?"

"हो. तेच सांग."

"काय चुकलं पण? तो गप्प बसला होता की नव्हता?"

"त्याला गप्प बसायला सांगितलं होतं, गिनो."

"आणि ते तिथे कोणी लावलं?" त्याने आवाज चढवला नाही. "मी शोधलं? तूच आणलंस ते माझ्यासमोर. शाळेत जाऊन त्याच्यावर भाषण तू दिलंस. आता मी एकटाच वाईट?"

डेल्फिनाने कॉफीला हात लावला नव्हता. ती म्हणाली, "नाही. मी पण."

"मग ऐक. त्या माणसाचं मलाही वाईट वाटतं. पण एकोणीस माणसं मेली आणि जगाला ती या फिल्ममुळे कळली. हे पारड्यात घाल. तुला फारच टोचत असेल तर पुढच्या प्रतीतून तुझं नाव काढायला सांगतो."

"काढ," ती म्हणाली.

त्याला वाटलं नव्हतं की ती हो म्हणेल. पण त्याने ते केलं; शब्दाचा पक्का होता. पुढच्या प्रतीत संकलनाच्या ओळीवर कोणाचंच नाव नव्हतं. बाकी सगळं जसंच्या तसं होतं.

मूळ चित्रणाची एक प्रत डेल्फिनाच्या खोलीत होती. तिने दोन फाइली लॅपटॉपवर घेतल्या आणि ती बुगनायानला गेली. फेलिसाने तिला सेल्सोच्या घरापर्यंत नेलं आणि ती वर्ग आहे म्हणून परत गेली. सेल्सो दारात जाळं सांधत होता. बरेच दिवस न वापरलेलं जाळं होतं ते.

"नोंग, मी डेल्फिना. तुमची फिल्म मी कापली. संकलन म्हणतात त्याला. कॅमेरावाले जे टिपून आणतात, त्यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं, ते."

"बस, इंदाय," तो म्हणाला. बेटावर आपल्यापेक्षा लहान बाईला तसंच म्हणतात. "गिनोसरांनी पाठवलं?"

"नाही."

पासिंगने आतून भात आणि कढण आणून ठेवलं. पाहुणी आली म्हणजे वाढायचं, म्हणून वाढलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. डेल्फिनाने दोन घास खाल्ले आणि मग सांगायला सुरुवात केली. गिनोने प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही गप्प बसला नव्हतात. तुम्ही बोललात. ते मी काढलं, आणि दुसरीकडची शांतता तिथे लावली.

सेल्सो जाळ्यात सुई तशीच धरून ऐकत होता. मग म्हणाला, "नाही. मी गप्प बसलो होतो."

"नोंग, माझ्याकडे आहे ते."

"मलाही आधी वाटायचं, आपण काहीतरी बोललो होतो. पण मग मी ती फिल्म बघितली. त्यात दिसतंय की. मी पुष्कळ विचार केला. त्यांनी विचारलं नि मला काही सुचलं नाही. कडी काढली होती असं मला वाटायचं, पण काढली असती तर मी तसं बोललो असतो ना लगेच? मूग गिळून का बसलो असतो?"

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला.  डेल्फिनाने लॅपटॉप उघडून तिथेच, जाळ्यावर ठेवला.

सहा मिनिटं वीस सेकंद. सेल्सो पुढे वाकून बघत होता. ट्रायसिकल गेली तेव्हा म्हणाला, "ही दोदोंगची." कडीचं आलं तेव्हा त्याचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलत होते. पासिंग त्याच्यामागे उभी राहून बघत होती. मग डेल्फिनाने दुसरी फाइल लावली. रूएलचा आवाज आला, "नोंग, तीस सेकंद हलू नका, बोलू नका." सेल्सोने स्वतःला खाली बघताना पाहिलं, घाटी हलताना पाहिली, आणि बाराव्या सेकंदाला मान स्वयंपाकाकडे वळताना पाहिली.

"अगं, हा तर मासा," तो पासिंगला म्हणाला. "तू वाळका मासा ठेवला होतास चुलीवर. मला वास येत होता. म्हटलं करपतोय, आणि बोलायची तर बंदी."

"करपलाच तो," पासिंग म्हणाली. "मांजराला घातला."

सेल्सो हसला. हसता हसता त्याने तोंडावर हात धरला. पासिंग डेल्फिनाच्या समोर आली. "सात महिने," ती म्हणाली. "सात महिने हा माणूस मला सांगतोय की त्याने कडी काढलीच नसेल. कडी-दार ओढून सोललेल्या त्याच्या पंजाची सालटी मी काढली होती, औषध मी लावलं होतं. मला सांगतोय, ते दोराने झालं असेल. आणि तू येऊन म्हणतेस, दुसरीकडचं लावलं."

डेल्फिना म्हणाली, "हो."

"जेव भात. थंड होतोय," पासिंग म्हणाली आणि आत गेली.

सेल्सोने एकच गोष्ट मागितली. हे गावाला दाखव. बाकी काही नको.

फेलिसाने खटपट केली. रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर शेजारच्या खोलीत शाळेचा टीव्ही आणून ठेवला, आणि सहा मिनिटांची ती फाइल शाळेच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. चाळीसेक माणसं आली. बेबांग आली. कप्तानाची बायको आणि मोठा मुलगा आले. सेल्सो या वेळी मागे, दाराजवळ उभा राहिला.

डेल्फिनाने फाइल लावली आणि बाजूला झाली. एक मिनिटही गेलं नव्हतं तेव्हाच तिला कळून चुकलं, की लोकांचं लक्ष सुटतंय. सव्वीस वर्षं तिने हेच केलं होतं: बघणाऱ्याचं लक्ष कुठे सुटतं ते आधी ओळखायचं आणि त्याच्या आधी कापायचं. आता कापता येत नव्हतं. "नाही, आधी कप्तानाने हाक मारली, मग काढली", इथे लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रायसिकलने नेमकं "पुन्हा ओढलं" खाऊन टाकलं. बिजागरी आणि मालक आले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आता मालकावर ढकलतोय." कोंबडा आरवला, एक पोर हसलं. पाणी येतंय म्हणून कप्तानानेच कडी घालायला सांगितली होती, हे आलं तेव्हा कप्तानाची बायको उठली.

"मेलेला माणूस येऊन थोडाच सांगणार आहे," ती म्हणाली, आणि मुलगा तिला धरून घेऊन गेला.

पोराचा हात सुटला, हे सेल्सो पडद्यावर सांगत होता तोपर्यंत खोलीत पंधरा-वीस माणसं उरली होती, आणि त्यातली अर्धी चपला शोधत होती.

टीव्ही बंद झाल्यावर बेबांग डेल्फिनाकडे आली. "हे कधीचं?"

"त्याच दिवसाचं, नांग," डेल्फिना म्हणाली. मोठ्या बाईला बेटावर तसं म्हणतात. "त्याच बैठकीतलं."

"मग पहिल्यांदाच का नाही दाखवलंस?"

"मी कापलं. माझी चूक होती. त्यांनी कडी काढली होती, चौकशीच्या कागदातसुद्धा आहे."

"कागद मला वाचता येत नाही. तेव्हा तू कापलंस, आता तूच आणून लावतेस. उद्या आणखी काही आणशील." बेबांगच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "त्याचं तोंड मी बघितलं त्या दिवशी. ते खरं होतं. आज नुसता बोलत होता."

"ते तोंड करपलेल्या माशासाठी होतं, नांग."

बेबांगने तिच्याकडे असं पाहिलं की डेल्फिनाला वाटलं, हे बोलायला नको होतं. मग बेबांगही गेली.

दुपारच्या लांचला सेल्सो तिला पोचवायला धक्क्यापर्यंत आला. नको म्हटलं तरी त्याने तिची पिशवी घेतली होती. धक्क्यावर उभी असलेली माणसं त्याला पाहून थोडी बाजूला सरकली.

"नोंग, मी पुन्हा प्रयत्न करीन," ती म्हणाली. "वर्तमानपत्रात लिहीन. गिनोशी भांडीन."

"कशाला." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एक सांगू, इंदाय? तुझं ते पहिलंच चांगलं झालं होतं. मी खुर्चीत बसून बघत होतो. मलासुद्धा माझा राग आला."

 त्याने पिशवी फळीवर ठेवली आणि लांच सुटायची वाट न बघता तो मागे वळला. डावा पाय ओढत तो बाजाराच्या बाजूने न जाता समुद्राकाठच्या लांबच्या वाटेने घरी गेला.

वर्तमानपत्राला तिने पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. फिल्म शाळेला लिहिलं तर त्यांनी या विषयावर पुन्हा बोलायला या, म्हणून बोलावलं. ती गेली नाही. नाताळाच्या आधी फेलिसाने कळवलं की सेल्सो आणि पासिंग थोरल्या मुलीकडे दूर मास्बाते बेटावर गेले, झोपडी तशीच उभी आहे, विकत कोणी घेत नाही. जाताना सेल्सोने शाळेत येऊन विचारलं होतं, ती टीव्हीवरची गोष्ट तुमच्याकडे राहिलीये का. फेलिसाने हो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग पुसून टाका, उगाच जागा अडते.